सूपवडीचा व्यापार आणि ‘अतिरिक्त’ कच्च्या मालाचा प्रश्न

१. विषयाची मांडणी

मांस, हाडे किंवा भाज्या मंद आचेवर दीर्घकाळ उकळून जो रस निघतो, त्यास पाश्चात्त्य पाकशास्त्रात ‘स्टॉक’ अशी संज्ञा आहे. आयुर्वेदातील मांसरस आणि आपल्याकडे आजाऱ्याला देण्यात येणारे मुगाचे कढण ही त्याच जातीची द्रव्ये होत. या रसात बहुतांश पाणी असते. तो एक-दोन दिवसांत नासतो. आणि सामान्यतः स्वयंपाकातून उरलेल्या जिनसांपासूनच तो तयार होत असल्यामुळे गृहिणीला त्याचे मूल्य वेगळे मोजावे लागत नाही. अशा वस्तूचा व्यापार होणे वरवर पाहता असंभाव्य वाटते. तथापि गेल्या दीडशे वर्षांत याच रसाचा अर्क, त्याची भुकटी आणि त्याची वडी यांनी जगातील बहुतेक स्वयंपाकघरांत प्रवेश केला आहे.

हा व्यापार कोणत्या पायावर उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या धंद्याचा इतिहास बहुधा शोधकांचा आणि जाहिरातींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु पुरवठ्याच्या बाजूने पाहिल्यास निराळे चित्र दिसते. या धंद्याने प्रत्येक टप्प्यावर अशा कच्च्या मालाचा शोध घेतला, की जो त्याच्या उत्पत्तिस्थानी ‘अतिरिक्त’ समजला जात होता. येथे ‘अतिरिक्त’ हा शब्द निरपेक्ष अर्थाने घ्यावयाचा नाही. ज्या मालाला जागेवर दुसरा समर्थ ग्राहक नाही तो अतिरिक्त, इतकाच त्याचा अर्थ. दुसरा ग्राहक येताच माल अतिरिक्त राहत नाही, आणि मग उत्पादकाला एक तर नवे स्थान, नाही तर नवा पदार्थ शोधावा लागतो. सूपवडीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

२. अर्काचे गणित

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख (१८०३–१८७३) यांनी १८४७ मध्ये मांसातील द्रवांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि मांसाचा अर्क काढण्याची रीत सांगितली. चरबीविरहित मांस बारीक करून त्यातील विद्राव्य अंश पाण्यात उतरवावयाचा, उष्णतेने गोठणारी प्रथिने आणि चरबी काढून टाकावयाची, आणि उरलेला द्रव आटवून घट्ट तपकिरी लेप तयार करावयाचा, असे त्या रीतीचे स्वरूप होते. तयार झालेला लेप दीर्घकाळ टिकतो. मात्र एक किलो अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागते.

या एका प्रमाणात धंद्याची अडचण आणि संधी दोन्ही सामावलेल्या आहेत. युरोपातील मांसाच्या भावाने हा अर्क औषधालयातच विकला जाणे शक्य होते. म्यूनिकच्या राजकीय औषधालयात माक्स फोन पेटेनकोफर यांच्या देखरेखीखाली तो त्याच स्वरूपात तयार होत असे. उलट, जेथे मांसाला भाव नाही तेथे अर्क केल्यास ३० किलो मांसाऐवजी एकाच किलोचे जहाजभाडे द्यावे लागणार होते. लांबचे अंतर हा ताज्या मांसाच्या मार्गातील अडथळा होता. अर्काच्या बाबतीत तो जवळजवळ नाहीसा होत होता.

मांसाला भाव नसलेला असा प्रदेश दक्षिण अमेरिकेत ला प्लाता नदीच्या खोऱ्यात होता. उरुग्वे व अर्जेंटिना येथील विस्तीर्ण कुरणांवरील गुरे मुख्यतः कातडी आणि चरबी यांसाठी कापली जात. मांसाचा काही भाग खारवून व वाळवून ब्राझील आणि क्यूबा येथे पाठविला जाई व तेथील मळ्यांवरील गुलामांच्या आहारात त्याचा उपयोग होई; परंतु ही बाजारपेठ मर्यादित होती. जर्मन अभियंता गेओर्ग क्रिस्टियान गीबर्ट यांनी ही परिस्थिती पाहिली होती. १८६२ मध्ये त्यांनी लीबिख यांच्यापुढे उरुग्वेत अर्क तयार करण्याची योजना मांडली. उरुग्वे नदीच्या काठी फ्राय बेंतोस येथे कारखाना उभा राहिला आणि १८६५ मध्ये लंडन येथे ‘लीबिख्स एक्स्ट्रॅक्ट ऑफ मीट कंपनी’ स्थापन झाली. या नदीत समुद्रगामी जहाजे कारखान्याच्या धक्क्यापर्यंत येऊ शकत. कच्चा माल स्वतःच्या पायांनी चालत येई आणि पक्का माल डब्यांत भरून थेट युरोपात जाई. पुरवठ्याची इतकी सुटसुटीत साखळी त्या काळी फार थोड्या खाद्यधंद्यांना लाभली होती.

३. नाव आणि विश्वास

घट्ट तपकिरी लेपाकडे पाहून त्यात कोणत्या जनावराचे किती मांस गेले आहे, हे ग्राहकाला कळणे अशक्य असते. ताज्या मांसाचा ग्राहक रंग पाहतो, वास घेतो, खाटकाला ओळखतो. अर्काच्या ग्राहकाजवळ यांपैकी एकही साधन नाही. म्हणून मालाबरोबर विश्वासही पुरविणे या व्यापारात प्रारंभापासून आवश्यक ठरले. कंपनीने लीबिख यांचे नाव घेतले. मालाच्या तपासणीशी त्यांचा आणि पेटेनकोफर यांचा संबंध जोडला. बरणीवर लीबिख यांची निळ्या शाईतील सही छापली.

परंतु रीत तर लीबिख यांनी स्वतःच सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली होती. त्यामुळे इतर उत्पादकही ‘लीबिखचा अर्क’ या नावाने माल विकू लागले. कंपनीने त्यांच्याविरुद्ध लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १८६७ मध्ये निर्णय तिच्या विरुद्ध गेला. हे नाव एका प्रकारच्या पदार्थाचे वर्णन असून त्यावर कोणा एकाची मालकी नाही, असे ठरले. ज्या पदार्थाची पारख ग्राहकाला करता येत नाही त्याचे नावही सर्वांचे ठरल्यावर, अर्थशून्य पण नोंदणीयोग्य असे नवे नाव घडविणे हाच मार्ग उरतो. कंपनीने शतकाच्या अखेरीस प्रचारात आणलेले ‘ऑक्सो’ हे नाव त्यातूनच आले. तिची रंगीत चित्रपत्रे शंभर वर्षे युरोपातील मुलांनी जमविली. तीही याच गरजेतून निघाली. तिचे प्रतिस्पर्धी जॉन लॉसन जॉन्स्टन यांनी आपल्या मांसार्कास १८८६ मध्ये ‘बोव्हरिल’ हे नाव दिले. त्याचा अर्धा भाग गोवाचक लॅटिन शब्दातून आणि उरलेला बुल्वर-लिटन यांच्या एका कादंबरीतील काल्पनिक शक्तीच्या नावातून घेतलेला आहे.

याच काळात अर्काच्या पोषकतेविषयीही वाद निर्माण झाला. ज्या कृतीने अर्क टिकाऊ होतो त्याच कृतीने त्यातील चरबी आणि बहुतेक प्रथिने निघून जातात; मग ३० किलो मांसाचे बळ एका किलोत आले असे कसे म्हणावे, असा आक्षेप वैद्यकशास्त्रज्ञांनी घेतला. तो सयुक्तिक होता. अर्क रुची आणि तरतरी देतो, अन्नाची जागा घेत नाही, हे क्रमाने मान्य झाले. खप मात्र त्यामुळे थांबला नाही. ग्राहक पोषणाच्या नावाने रुची विकत घेत होता. या धंद्याची पुढील दिशा ठरविण्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

४. दुसरा ग्राहक येतो

१८७६ मध्ये शार्ल तेलिए यांचे ‘फ्रिगोरिफिक’ हे शीतयंत्रसज्ज जहाज फ्रान्समधून ब्वेनोस आइरेसला पोचले. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला आले. या प्रयोगांचा अर्काच्या धंद्यावर झालेला परिणाम मूलगामी होता. ज्या मांसाला ग्राहक नव्हता त्याला आता लंडनचा खाटीक ग्राहक म्हणून मिळाला. तीस किलो मांस आटवून एक किलो लेप करण्यापेक्षा ते मांस म्हणूनच विकणे जसजसे शक्य झाले, तसतसे अर्काच्या मूळ गणिताला तडे जाऊ लागले.

धंद्याने यावर पहिला उपाय केला तो घरातल्या घरात. फ्राय बेंतोस येथे १८७३ पासून डबाबंद खारे गोमांस तयार होत होते. डब्यात भरण्यापूर्वी मांस उकळावे लागते, आणि उकळल्याचे पाणी हा वस्तुतः स्टॉकच होय. ते आटविले की अर्क मिळतो. जो अर्क पूर्वी मुख्य उत्पादन होता तो अशा रीतीने उपउत्पादन बनला. स्वतंत्रपणे परवडेनासा झालेला पदार्थ दुसऱ्या पदार्थाच्या खर्चावर जगू लागला.

दुसरा उपाय नव्या प्रदेशांचा. कंपनीने दक्षिण अमेरिकेत इतरत्र आणि नंतर आफ्रिकेत हातपाय पसरले. यांपैकी केनियातील प्रकरण विशेष विचारार्ह आहे. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात नैरोबीजवळ आथी नदीच्या काठी कंपनीचा कारखाना उभा राहिला. जवळच माचाकोस जिल्ह्यात कांबा जमातीची वस्ती होती. तेथे गुरे प्रमाणाबाहेर झाल्यामुळे जमिनीची धूप होते, असे वसाहत-सरकारचे मत होते, आणि धूप होत होती हे खोटे नव्हते. परंतु कांबांच्या उत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्यामुळे उरलेल्या जागेत गुरांची दाटी झाली होती, ही त्याची दुसरी बाजू होय. सरकारने १९३८ मध्ये गुरांची सक्तीने विक्री सुरू केली. अशी गुरे स्वस्तात मिळणे हे कारखान्याच्या हिताचे होते.

कांबांच्या दृष्टीने गाय ही विक्रीचा जिन्नस नव्हती. ती त्यांची ठेव होती, विवाहातील देणे होती, दुष्काळातील आधार होती. त्यांच्या लेखी अतिरिक्त असे काहीच नव्हते. जुलै १९३८ मध्ये हजारोंच्या संख्येने स्त्रीपुरुष आणि मुले नैरोबीला चालत गेली आणि गव्हर्नरची भेट मिळावी म्हणून तेथे तळ देऊन राहिली. त्यांचे पुढारी मुइंदी म्बिंगू यांना सरकारने हद्दपार केले; परंतु सक्तीची विक्री मागे घेणे त्याला भाग पडले. उरुग्वेत ‘अतिरिक्त’ मांस बाजाराच्या अभावामुळे निर्माण झाले होते. केनियात ते हुकुमाने निर्माण करण्याचा प्रयत्न झाला आणि लोकांच्या विरोधामुळे तो फसला. पुरवठ्याच्या साखळीचे आरंभीचे टोक आर्थिक कोष्टकात केवळ ‘कच्चा माल’ म्हणून दिसते. त्या ठिकाणी कोणाची तरी उपजीविका असते, हे या प्रकरणावरून स्पष्ट व्हावे.

५. वनस्पतिज पर्याय

मांसाऐवजी दुसराच पदार्थ वापरण्याचा उपाय स्वित्झर्लंडमधून आला. गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही व कामगार कुटुंबांचा आहार निकृष्ट होतो, याकडे कारखाना-निरीक्षक डॉक्टर फ्रीडोलीन शूलर यांनी १८८२ मध्ये लक्ष वेधले होते. पिठाच्या गिरणीचे मालक यूलियुस मॅगी (१८४६–१९१२) यांनी त्यांच्या सूचनेवरून १८८४ मध्ये लवकर शिजणारी कडधान्यांची पिठे बाजारात आणली. पिठे पौष्टिक होती. परंतु बेचव अन्न केवळ पौष्टिक म्हणून कोणी आवडीने घेत नाही. १८८६ मध्ये मॅगी यांनी सूपला चव आणणारा एक काळसर द्रव काढला. कामगाराचे पोषण करू पाहणाऱ्या या व्यवसायाला खरी भरभराट लाभली ती या चवीच्या बाटलीमुळे.

या जातीच्या द्रवाची कृती समजून घेणे अवश्य आहे. गव्हातील चिकट प्रथिन, तेल काढून घेतलेली सोयाबीन किंवा भुईमुगाची पेंड, मक्यातील प्रथिन, यांपैकी एखादा पदार्थ हायड्रोक्लोरिक आम्लात तापविला असता प्रथिनांचे विघटन होऊन त्यांची अमिनो आम्ले बनतात. नंतर सोडा घालून आम्ल उदासीन केले की त्यापासून मीठ तयार होते. उरलेल्या द्रवास मांसाच्या रश्श्यासारखी चव असते, कारण त्यात ग्लुटामिक आम्लाचे लवण विपुल असते. या चवीचे रहस्य जपानी शास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये उलगडले. त्यांच्या संशोधनाचा विषयही समुद्रवनस्पतीपासून करावयाचा जपानी स्टॉक हाच होता. १९५६ पासून जपानमध्येच ग्लुटामिक आम्ल सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने शर्करायुक्त द्रवांपासून मिळविण्याची रीत रूढ झाली, आणि उसाची मळी हा चवीचा कच्चा माल ठरला.

ही यादी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. गव्हाचे व मक्याचे प्रथिन ही स्टार्चच्या कारखान्यातील शेष द्रव्ये. पेंड ही तेलगिरणीतील. मळी ही साखर कारखान्यातील. १९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्टन येथे निघालेला ‘मार्माइट’ हा यीस्टचा अर्क तेथील मद्यनिर्मितीत उरलेल्या यीस्टपासून होत असे. कोंबडीच्या स्टॉकसाठी अंडी देण्याचे वय उलटलेल्या कोंबड्या आणि मांस काढून उरलेले सांगाडे वापरले जातात. पदार्थ बदलला, तत्त्व तेच राहिले. १९५८ मध्ये जर्मनीतील क्नॉर ही सूपची जुनी संस्था मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मात्र एक फरक नोंदविला पाहिजे. कुरणावरील ‘अतिरिक्त’ मांसाला दुसरा ग्राहक मिळाला तसा तो पेंडीला आणि मळीलाही मिळू शकतो. परंतु येथे एका द्रव्याच्या जागी दुसरे घालणे सोपे असते. कोणत्याही एका प्रदेशावर अथवा पिकावर अवलंबून न राहण्याचे स्वातंत्र्य धंद्याला रसायनशास्त्राने मिळवून दिले.

६. वडीचे रूप आणि किरकोळ बाजार

मॅगीची वडी १९०८ मध्ये, ऑक्सोची १९१० मध्ये आणि क्नॉरची १९१२ मध्ये बाजारात आली. ऑक्सोचा अर्क बाटलीत महाग पडे. वडी एका पेनीला मिळू लागली. वडीत निम्मा किंवा त्याहून अधिक भाग मीठ असते. त्याखेरीज ग्लुटामेट, प्रथिनांचे विघटित द्रव्य, स्निग्धांश, स्टार्च, मसाले आणि नाममात्र मांसार्क. यांपैकी प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. मीठ स्वस्त असून माल टिकवते. नेहमीच्या तापमानात घट्ट राहणारी चरबी, अलीकडे बहुधा पामतेलापासून केलेली, भुकटीला एकत्र बांधते. विघटित प्रथिन हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेते, म्हणून धातूच्या पातळ कागदाचे वेष्टन लागते. शीतगृह लागत नाही, मापून द्यावे लागत नाही, आणि एक वडी म्हणजे एका वेळच्या रश्श्याचे परिमाण असल्यामुळे शिकवावेही लागत नाही.

या गुणांमुळे शीतसाखळी नसलेल्या आणि ग्राहकाच्या हातात रोजचीच मिळकत असलेल्या प्रदेशांत वडीचा प्रसार विशेष झाला. सेनेगल, नायजेरिया इत्यादी पश्चिम आफ्रिकी देशांत घाऊक व्यापाऱ्याकडून डबा विकत घेऊन बाजारातील स्त्रिया सुट्या वड्या विकतात. भांडवल थोडे लागते, माल नासत नाही आणि किंमत लहान नाण्यात बसते. त्याच बाजारांत स्त्रियाच ‘पार्किया’ वृक्षाच्या बिया आंबवून एक उग्र वासाचा रुचिवर्धक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या करीत व विकीत आल्या आहेत. त्यात प्रथिने भरपूर असतात, पण तो करण्यास अनेक दिवसांचे श्रम आणि जळण लागते. वडीने त्याची जागा काही अंशी घेतली. विक्रेती तीच राहिली. मात्र पूर्वी ती उत्पादकही होती, आता साखळीतील शेवटचा दुवा झाली.

७. पाटीचा प्रश्न

वडीतील मांस नाममात्र झाले तरी तिच्या वेष्टनावरील बैल आणि कोंबडी कायम राहिली. ‘गोमांसाचा रस’ असे म्हणण्यासाठी किमान किती अंश असावा, हे ठरविणे त्यामुळे आवश्यक झाले. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने अशा किमान मर्यादा घालून दिल्या आणि तयार रश्श्यात मीठ दर लिटरला १२.५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे ठरविले. पदार्थाची व्याख्या करताना मिठाची कमाल मर्यादा सांगावी लागावी, यातच त्याच्या स्वरूपाची कबुली आहे.

नाव आणि द्रव्य यांची किती फारकत होऊ शकते याचे उदाहरण २००४ मध्ये मिळाले. गुरांतील मेंदूविकाराच्या साथीनंतर ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर निर्बंध होते. त्या वर्षी बोव्हरिलमधून गोमांस काढून टाकून त्याजागी यीस्टचा अर्क घालण्यात आला. बैलावरून नाव पडलेला पदार्थ दोन वर्षे बैलाविना विकला गेला. २००६ मध्ये गोमांस परत आले. मधल्या काळात कच्चा माल बदलला, नाव बदलले नाही.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचाही संबंध आलेला आहे. भारतात मॅगी हे नाव १९८३ पासून मुख्यतः शेवयांमुळे परिचित झाले. परंतु त्या पुडक्यातील मसाल्याची लहान पुडी ही सूपवडीचीच भुकटीरूप भगिनी होय, आणि तिच्या घटकांत भुईमुगाच्या प्रथिनाचे विघटित द्रव्य असे. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या शेवयांच्या विक्रीस बंदी केली. शिशाच्या प्रमाणाबरोबरच ‘ग्लुटामेट वेगळे घातलेले नाही’ या वेष्टनावरील विधानासही प्राधिकरणाची हरकत होती. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत या कारणाने, बंदीचा आदेश रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्यास सांगितले. पुढे विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाचा मुद्दा वेगळा ठेवला तरी पाटीचा मुद्दा तत्त्वतः महत्त्वाचा आहे. विघटित प्रथिनातून ग्लुटामेट आपोआप येत असता ‘वेगळे घातलेले नाही’ हे विधान अक्षरशः खरे असूनही वाचणाऱ्याचा गैरसमज करू शकते. १८६७ मध्ये लंडनच्या न्यायालयापुढे आलेला प्रश्न मुळात याच जातीचा होता. जो पदार्थ पाहून ओळखता येत नाही, त्याच्या नावाने ग्राहकाने काय समजावे?

८. समारोप

फ्राय बेंतोसचा कारखाना १९२४ मध्ये वेस्टी या ब्रिटिश मांसव्यापारी घराण्याकडे गेला आणि शीतमांसाचे केंद्र बनला. १९७१ मध्ये तो उरुग्वे सरकारकडे आला व १९७९ मध्ये बंद पडला. ज्या गावाची वाढ त्या कारखान्याभोवती झाली होती, त्याचा मुख्य आधार गेला. २०१५ मध्ये युनेस्कोने त्या औद्योगिक परिसराला जागतिक वारशाचे स्थान दिले. मूळ कंपनी १९६८ मध्ये, मराठी वाचकाला चहामुळे परिचित असलेल्या ब्रुक बाँड कंपनीत विलीन झाली. तिने प्रचारात आणलेली ऑक्सोची वडी मात्र आजही विकली जाते.

या घटनाक्रमावरून एक अनुमान काढता येते. सूपवडीच्या साखळीत सर्वांत टिकाऊ दुवे नाव आणि रूप हे होत, आणि सर्वांत अल्पायुषी दुवा कच्च्या मालाचा पुरवठादार होय. खाद्यप्रक्रिया उद्योगामुळे एखाद्या भागातील वाया जाणाऱ्या मालाला भाव येईल, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते पुष्कळदा खरेही असते. परंतु तो माल कोणाच्या दृष्टीने वाया जाणारा आहे, दुसरा ग्राहक आल्यास किंवा पर्यायी द्रव्य सापडल्यास त्या भागाचे काय होईल, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला वेष्टनावर काय लिहिले जाईल, हे तीन प्रश्न त्याबरोबरच विचारले गेले पाहिजेत. उरुग्वे, केनिया आणि मुंबई येथील अनुभव या तीन प्रश्नांची निकड दाखवितो.